लाल डोळ्यांचं घर

हे मी लिहिणारच नव्हतो. लिहायला घ्यायचो, चार ओळी झाल्या की पुसून टाकायचो. कारण यातली लाज माझी नाही, दुसऱ्याच्या घरातली आहे, आणि ज्याची आहे तो रोज माझ्यासमोर उभा असतो. आम्ही दोघं एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही. दोन टोकं त्याच्या हातात, दोन माझ्या. झटकायची, ताणायची, चालत एकमेकांजवळ यायचं, टोकं जुळवायची, परत मागे. त्या जवळ येण्यात आणि मागे जाण्यात त्यानं मला हे सगळं सांगितलं... तुकड्या-तुकड्यांनी, वर न बघता. माझं शिक्षण बेताचंच, तेव्हा जसं बोलतो तसंच लिहितोय.

लाँड्रीत त्याला सगळे सिग्नल म्हणतात. डोळे कायम लाल, म्हणून. तो आत शिरला की कोणीतरी "थांबा रे, लाल लागला" म्हणणारच. तोही हसतो. पण घरी तो थोरला, आणि ही गोष्ट घरची आहे, म्हणून इथे तो थोरलाच.

त्या दुपारी थोरला घरचा जिना धावत चढत होता. किती महिन्यांनी त्याचं मन इतकं हलकं झालं होतं! तेव्हा तो शाळेची बस चालवायचा. पोरांचा लाडका होता, पण फाटकाशी उभ्या असलेल्या आयांना त्याचे डोळे खटकायचे. डोळे लालभडक, ओठ जांभळट, उन्हात तोंड शेंदरासारखं. कधीकधी डोकं इतकं ठणकायचं की बस बाजूला घेऊन तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसायचा. यावरून ज्याला जे समजायचं ते तो समजला. तक्रार गेली. बसच्या मालकानं त्याला नळीत फुंकायला लावलं, काही निघालं नाही. तर रात्रीची असेल, असं ठरलं. घरात कोणी तोंडावर विचारलं नाही. पण आई पाण्याचा तांब्या हातात देताना जरा जास्तच जवळ यायची... वास घ्यायला. ते त्याला समजायचं, आणि आईला वाटायचं की समजत नाही.

शेवटी मालकानंच त्याला रक्ताच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी तपासण्या केल्या, आणि त्या दिवशी समोर बसवून सांगितलं की दारूचा यात काही संबंध नाही. माणसामाणसात उंची कमीजास्त असते, तशाच रक्तातल्या पेशीही. कोणाच्या तांबड्या जास्त, कोणाच्या पांढऱ्या कमी. आईबापांकडून आलेल्या शेकडो बारीकसारीक गोष्टी मिळून ते ठरवतात. तुमच्या बाबतीत मात्र एकच मोठी गोष्ट दिसते, त्या म्हणाल्या. शरीराला उगाच वाटत राहतं की प्राणवायू कमी पडतोय, म्हणून ते तांबड्या पेशी करतच सुटतं. रक्त दाट होतं. लगेच जिवाला धोका नाही, पण गुठळी होऊ शकते, तेव्हा लक्ष ठेवायचं, मधूनमधून थोडं रक्त काढून टाकायचं. आणि हे एकट्याचं नसतं. घरातल्या सगळ्यांना घेऊन या. बहीण असेल तर तिला आधी आणा, पुढे बाळंतपणात सांभाळावं लागेल.

थोरल्यानं यातलं एवढंच ऐकलं होतं की दारूचा संबंध नाही. ते आईला सांगायचं, बाबांना सांगायचं, म्हणून तो जिना धावत चढत होता.

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले होते. धाकटीचं, म्हणजे त्याच्या बहिणीचं, ज्या मुलावर मन होतं त्याचे आईवडील. आज येणार हे थोरल्याच्या ध्यानातच नव्हतं. बाबा त्यांच्या खुर्चीत ताठ बसलेले. बाबा छापखान्यात फोरमन होते, सगळा जन्म माणसांना धाकात ठेवण्यात गेला, घरातही खुर्चीत बसले की फोरमनच. धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी, चहाचे कप तिनं नुकतेच ठेवलेले.

मुलाची आई बोलत होती. बाई शांत, बारीक अंगाची. तिच्या मोठ्या मुलाचं बाळ रक्ताच्या कसल्याशा आजारानं वर्षाचं व्हायच्या आत गेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणाली, "आम्हाला देणंघेणं काही नको. एकच विचारायचंय. तुमच्या घरात रक्ताचं काही नाही ना?"

"आमच्या रक्तात खोट नाही," बाबा म्हणाले. "हे मी छातीवर हात ठेवून सांगतो."

आणि मग सगळ्यांची नजर दारात उभ्या असलेल्या थोरल्याकडे गेली. धापा टाकत होता, तोंड लाल, डोळ्यांत रक्त उतरलेलं.  मुलाच्या आईनं अगदी हळू विचारलं, "यांचे डोळे...?"

थोरल्यानं धाकटीकडे बघितलं. तिचे डोळेही थोडे लाल होते, नेहमीसारखेच. लहानपणापासून सगळे तिला रडूबाई म्हणायचे, कारण ती कधीही नुकतीच रडून उठल्यासारखी दिसायची. न रडताच! आणि मग त्यानं बाबांकडे बघितलं. बाबांचे डोळे तर भडक लाल, छापखान्यातली पोरं त्या डोळ्यांना टरकायची. त्या एका क्षणात सगळं त्याच्या काळजात लख्ख झालं. जे डोळे बाबांच्या तोंडावर राग, धाकटीच्या तोंडावर रडं, तेच त्याच्या तोंडावर दारू. एकच रक्त. आता आपण डॉक्टरबाईंचं सांगितलं, तर या बाईची नजर आपल्यावरून उठून सरळ धाकटीच्या डोळ्यांवर जाईल... आणि तिथून हे लग्न संपलं. दारू माणसाची एकट्याची असते. रक्त सगळ्यांचं असतं.

"दारू," तो म्हणाला. "मी पितो."

धाकटीनं डोळे मिटून घेतले. मुलाचे वडील खाकरले, म्हणाले, असतं एकेका घरात, आपण काही त्याला करून घेत नाही.  बाबांचं तोंड असं झालं, जसं कोणी भर रस्त्यात त्यांच्या अंगावरचा सदरा ओढून काढावा. फक्त मुलाची आई त्याच्याकडे बघत राहिली, जाईपर्यंत. त्या नजरेत राग नव्हता. काय होतं ते त्याला तेव्हा कळलं नाही.

पाहुणे गेल्यावर बाबा उठले. खालच्या आवाजात म्हणाले, "लग्न होईस्तोवर इथे दिसू नकोस." मग थांबून म्हणाले, "नंतरही नको."

थोरला पिशवी भरत होता तेव्हा धाकटी आली. त्याला वाटलं, ही तरी विचारेल. हिनं एकदा नीट विचारलं तर आपल्याच्यानं राहवणार नाही.

तिनं विचारलं, "आजच सांगायचं होतंस का रे दादा?"

बस्स. एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं बसच्या किल्ल्या मालकाच्या टेबलावर ठेवल्या. मालक चक्रावला. डॉक्टरबाईंचा फोन येऊन गेला होता, तू साफ आहेस, मग कशाला सोडतोस म्हणाला. थोरल्यानं त्याच्यापुढे हात जोडले. जो स्वतःच्या तोंडानं पितो म्हणून सांगून बसलाय, त्यानं दुसऱ्याची पोरं कशी न्यायची? आणि नाही पीत म्हटलं, तर घरी वेगळं आणि इथे वेगळं, हे कधीतरी उघडं पडणारच. मालक बराच वेळ किल्ल्यांकडे बघत बसला. शेवटी म्हणाला की मी कोणाला काही सांगणार नाही, पण तू वेडा आहेस.

मग तो आमच्या लाँड्रीत आला. आमच्याकडे वाफ, गरमी, ओल्या कपड्यांचे डोंगर. दाट रक्ताच्या माणसासाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. पण कोणी डोळ्यांकडे बघून कामावरून काढत नाही, तोंड कोणाला दाखवायचं नसतं, तेवढं त्याला पुरे होतं. मधूनमधून तो पलीकडच्या इमारतीत जाऊन रक्त काढून यायचा. दर खेपेला डॉक्टरबाई विचारायच्या, घरच्यांना सांगितलंत का? दर खेपेला हा म्हणायचा, सांगतो.

यातली खरी लाज इथे आहे, असं त्यानंच मला सांगितलं. धाकटीचं लग्न झालं, ती नांदायला लागली. आता सांगायला हरकत नव्हती. निदान तिला एकटीला गाठून सांगता आलं असतं. पण रोज उठून स्वतःला तो एकच गोष्ट सांगायचा, की मी बहिणीसाठी घर सोडलं. त्या गोष्टीच्या आधारानं तो भाड्याच्या खोलीत एकटा जेवायचा, लोकांची टिंगल गिळायचा. ती गोष्ट सांगून टाकली तर हातात काय उरणार? त्याच्या त्यागाची त्यालाच चटक लागली होती. हे वाक्य माझं नाही, त्याचं आहे. बोलताना त्याच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं होतं.

आई कधीतरी लाँड्रीच्या मागच्या फाटकाशी यायची. बाजाराला जाते म्हणून घरातून निघायची. त्याच्या शर्टाचं बटण लावायची, केस सारखे करायची, आणि तेवढ्यात वास घ्यायची. एकदा तिचं तोंड एकदम उजळलं. म्हणाली, "आज वास नाही आला."

आता काय बोलणार? आधी कधी आला होता, असं विचारायचं?

"सोडली, आई," तो म्हणाला. न घेतलेली दारू त्यानं अशी सोडली. आई डोळे पुसत गेली. घरी जाऊन बाबांना सांगितलं असणार, कारण पुढच्या वेळी आली तेव्हा खाली मान घालून म्हणाली, ते म्हणतात डोळे खोटं बोलत नाहीत.

आणि मग एकदा आईनं सांगितलं की धाकटीला दिवस गेलेत.

त्या दिवशी त्याला डॉक्टरबाईंचे शब्द आठवले. बाळंतपणात सांभाळावं लागेल. आई अजून फाटकाशीच उभी होती, सांगायचं तर आत्ता, असं त्याचं मन आतून आक्रोश करत होतं... पण समोर आईचं तोंड असं फुललेलं, की त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. पुढच्या वेळी सांगू. नंतर, चांगला मुहूर्त बघून... लाज कशी असते बघा. आधी ती दुसऱ्याला वाचवायला पांघरलेली असते, आणि मग अंगालाच चिकटते.

पुढची वेळ आली ती अशी. आम्ही मशीनमधून ओल्या चादरी काढत होतो आणि आई फाटकाशी न थांबता सरळ आत आली. पायात दोन वेगळ्या चपला. तिला धड बोलता येत नव्हतं. तिच्या बोलण्यातून कळलं ते एवढं की धाकटीचा पाय सुजून खांबासारखा झालाय, आत रक्ताची गुठळी झालीय, ती छातीकडे सरकली तर दोन्ही जीव जातील असं म्हणतात. हॉस्पिटल हेच. समोरची इमारत, वरचा मजला. रक्त बघून डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतायत की घरात कोणाला असं काही आहे का, आणि तुझे बाबा दारात उभे राहून पुन्हा पुन्हा सांगतायत, नाही म्हणून.

थोरल्यानं हातातली चादर खाली टाकली. तशीच, ओल्या फरशीवर. मीही त्याच्यामागे धावलो, का ते माहीत नाही.

वरच्या मजल्यावर लांब कॉरिडॉर, फिनेलचा वास, भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे सगळे होते. बाबा, धाकटीचा नवरा, त्याची आई. थोरला लाँड्रीच्या ओल्या ॲप्रनमध्ये तिथे जाऊन उभा राहिला. बाबांनी मान फिरवली. तेवढ्यात धाकटीच्या डॉक्टर बाहेर आल्या. थोरला त्यांना म्हणाला, "माझं रक्तही असंच आहे. मला आधीपासून माहीत होतं. आमच्या घरात आहे हे."

मग त्यानं सगळं सांगितलं, रक्ताच्या डॉक्टरबाईंचं नावगाव, किती वेळा रक्त काढलं, त्यांनी काय काय बजावलं होतं. एका दमात, खाली बघून, शाळेतलं पोर चोरी कबूल करतं तसं. डॉक्टर धावतच आत गेल्या. काय द्यायचं, काय द्यायचं नाही, ते आता त्यांना कळलं होतं. रक्ताच्या डॉक्टरबाईंनाही बोलावणं गेलं.

कॉरिडॉरमध्ये आम्ही उरलो.  मग बाबांनी विचारलं, "म्हणजे तू पीत नव्हतास?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही, बाबा."

बाबा खुर्चीत बसले.  थोरल्याला वाटलं होतं, या क्षणाची तर आपण इतकी वाट बघत होतो, आता छाती भरून येईल. पण काहीच भरून आलं नाही. आत बहीण मरणाच्या दारात, आणि बाहेर आपलं निर्दोष असणं सिद्ध होतंय... त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की खरंच प्यायलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

तोवर धाकटीची सासू उठून त्याच्याजवळ आली. ती आता ओरडेल, फसवलंत म्हणेल, असं त्याला वाटलं. त्यानं तयारी केली होती. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दारातून आत आलात, तेव्हाच मला वाटलं होतं. आमच्या बाळाच्या वेळी मी असली तोंडं दवाखान्यात खूप बघितली होती. दारूचं तोंड वेगळं असतं."



"मग बोलला का नाहीत?" हे थोरल्यानं विचारलं नाही, तिच्या मुलानं विचारलं.

"ते स्वतः सांगत होते ना, पितो म्हणून. मी कोण खोटं ठरवणारी?" मग ती थोरल्याकडे वळली.  "मी लग्न मोडायला विचारलं नव्हतं हो. आमच्या नातवाच्या वेळी कोणी आधी विचारलंच नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणून मी विचारत होते. आधी कळलं तर आधी डॉक्टर गाठता येतो, एवढ्यासाठी."

थोरला भिंतीला टेकला. म्हणजे त्या खोलीत तेव्हा खरं सांगितलं असतं, तर काहीच मोडलं नसतं! घर सुटलं नसतं, बस सुटली नसती, आणि धाकटी आज त्या पलंगावर नसती. ज्या त्यागाच्या उशीवर तो इतकी वर्षं डोकं ठेवून झोपला होता, तिच्यात काहीच नव्हतं. लाज लाज म्हणतात ती काय असते, ते मी त्या दिवशी त्याच्या तोंडावर बघितलं. लाल तोंड पांढरं पडलेलं पहिल्यांदाच बघितलं.

रक्ताच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी थोरल्याला ओळखलं, आणि आत जाता जाता बाबांच्या डोळ्यांकडे बघून थबकल्या. विचारलं, आजोबा, तुमचं रक्त कधी तपासलंय? बाबा म्हणाले, कशाला तपासायचं, मला काय झालंय. त्याच संध्याकाळी त्यांचं रक्त तपासलं. तांबड्या पेशी पोरापेक्षाही जास्त निघाल्या.

धाकटी वाचली. पोटात रोज इंजेक्शनं, पाय उंच बांधलेला, हलायचं नाही, असे दिवस गेले. थोरला रोज जिन्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. एक दिवस तिनंच निरोप पाठवला.

तो आत गेला तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याला वाटलं झोपलीय. पण ती बोलली, तशीच, न वळता. "सगळे मला सांगून जातात, दादानं तुझ्यासाठी केवढं केलं. मी रडायला पाहिजे ना? मला रडू येत नाही. राग येतो. मी काय इतकी कचकड्याची होते की मला माझंच रक्त सांगता आलं नाही तुला?"

तो म्हणाला, "चुकलो."

"आणि मी तरी कुठे विचारलं," ती म्हणाली. "मला त्या दिवशी फक्त माझं लग्न दिसत होतं. तू पिशवी भरत होतास आणि मी तुला काय विचारलं, आठवतं? मला रोज आठवतं."

तेव्हा कुठे ती वळली. तिचे डोळे लाल होते. खरोखर रडून, की नेहमीसारखे, हे त्या घरात कोणालाच कळणार नाही. थोरला पलंगाच्या कडेला बसला आणि तिनं त्याचा हात उशीखाली ओढून घेतला, लहानपणी झोपताना घ्यायची तसा. 

मुलगी झाली, जरा लवकर, पण धडधाकट. तिचंही रक्त बघायचं का, असं धाकटीच्या नवऱ्यानं लगेच विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, नव्या बाळांचं रक्त तसंही दाटच असतं, आत्ता बघून कळायचं नाही, जरा मोठी होऊ दे, मग बघू. असलं तरी आता सांभाळायचं कसं ते आपल्याला माहीत आहे. धाकटीची सासू हे ऐकून नुसती मान हलवत राहिली आणि बाळाच्या अंगावरचं पांघरूण पुन्हा पुन्हा सारखं करत राहिली.

बाबा मात्र थोरल्याशी बोलले नव्हते. इतकी वर्षं धाकात ठेवायची सवय, माफी मागायची तर कुठल्या तोंडानं? मग एकदा थोरला रक्त काढायला गेला, त्या दिवशी पलीकडच्या पलंगावर कोणी म्हातारा बाही वर करून बसला होता, बघतो तर बाबा. त्यांनाही बोलावलं होतं. दोघं शेजारी शेजारी आडवे झाले. दोघांच्या हातांत सुया, खाली दोन पिशव्या, दोन्हींत सारखंच गडद, काळपट रक्त उतरत होतं. बाबा मान वाकडी करून कधी आपल्या पिशवीकडे बघत होते, कधी त्याच्या.

"छापखान्यात पोरं माझे डोळे बघून गप्प बसायची," ते म्हणाले. "मला वाटायचं माझा दरारा आहे."

ते हसले. ते हसू अर्ध्यातच मोडलं.

"तेच डोळे तुझ्या तोंडावर बघितले, आणि मी..."  त्यांनी मोकळा हात दोन पलंगांच्या मधे लांब केला. पोचत नव्हता. थोरल्याचा तिकडचा हात सुईत अडकलेला. बाबा कुशीवर वळून हात आणखी लांब करायला लागले, तशी नर्स धावत आली, आजोबा हलायचं नाही, सुई निघेल, काय चाललंय तुमचं, म्हणून रागावली.

"अहो, मुलगा आहे माझा तो," बाबा म्हणाले.

नर्सला काय कळणार! ती म्हणाली असू दे, रक्त काढून झाल्यावर भेटा. थोरला छताकडे बघत पडून राहिला, आणि पाणी डोळ्यांतून दोन्ही कानांत उतरत राहिलं. पुसायला हात मोकळा असून त्यानं पुसलं नाही.

आता तो घरी राहायला गेलाय. बसच्या मालकानं परत बोलावलंय, पुढच्या महिन्यापासून ये म्हणून. लाँड्रीत सगळे त्याला चिडवतात, सिग्नल हिरवा झाला म्हणतात. मी इथेच थांबलो असतो तर गोष्ट छान संपली असती.

पण काल काम सुटल्यावर आम्ही फाटकाबाहेर उभे होतो. तो म्हणाला, परवा सकाळी दाढी करताना उजव्या डोळ्यासमोर एकदम काळा पडदा आला. थोड्या वेळानं गेला. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की ही गुठळीची खूण असते, असं काही झालं तर त्याच पावली या. मी विचारलं, गेलास? नाही म्हणाला. घरी? तेही नाही. धाकटी नुकतीच बाळाला घेऊन माहेरी आलीय, घर किती दिवसांनी हसतंय, बाबा बाळाला मांडीवरून उतरवत नाहीत. त्यात आपण कशाला... दोन-चार दिवस जाऊ देत. आणि बसचं काम, ते परत हातचं जाईल.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्यालाही कळलं मी काय बघतोय ते. त्यानं नजर चुकवली.

"तू मित्र ना माझा," तो म्हणाला. "मग वचन दे. कोणाला बोलणार नाहीस."

मी म्हटलं, "वचन देतो. आज संध्याकाळी तू घरी सांगितलं नाहीस, तर रात्रीच्या जेवणाच्या आत मी तुमच्या दारात उभा राहीन आणि धाकटीला सांगीन, सगळ्यांसमोर. परत कधी लपवलंस तर परत सांगीन. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी सांगीन."

तो चिडला. हे असलं वचन मागितलं नव्हतं, म्हणाला.

"मी हेच देतोय," मी म्हटलं.